माणसाची सवय नसलेला बुजरा कुत्रा दत्तक घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावरून, बांधकामाच्या जागेवरून किंवा निवारा केंद्रातून सोडवून आणलेला, पण माणसांच्या सहवासात न वाढलेला कुत्रा घरी आणू इच्छिणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न बहुतेक वेळा सारखेच असतात. महाराष्ट्रातील शहरांत, विशेषतः फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि देशी कुत्रा दत्तक घेणाऱ्या कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून त्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

माणसाची सवय नसलेला कुत्रा म्हणजे नेमका कसा? त्याला कोणी मारले असेल का?

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. या काळात जी माणसे, जे आवाज आणि ज्या वस्तू त्याच्या परिचयाच्या होतात, त्यांची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही, आणि जे या काळात समोर आलेच नाही ते नंतर धोक्याचे वाटू लागते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत अनेक वर्षे केलेल्या आणि १९६५ साली पुस्तकरूपाने आलेल्या संशोधनामुळे ही गोष्ट ठामपणे पुढे आली. त्याआधी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जन्मापासून चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले नंतर माणसाजवळ येण्यास तयार नव्हती, असे दिसून आले होते. त्या पिल्लांना कोणीही मारलेले नव्हते.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की हात उचलताच दबकणाऱ्या कुत्र्याकडे पाहून ‘याला कोणीतरी खूप छळलेले दिसते’ असा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो. छळ झालेला असू शकतो. परंतु पुष्कळदा कारण एवढेच असते, की माणूस नावाचा प्राणी त्याने जवळून पाहिलेलाच नसतो. शिवाय बुजरेपणाचा काही भाग आईबापांकडूनही येतो. रशियात दिमित्री बेल्यायेव्ह यांनी १९५९ साली सुरू केलेल्या कोल्ह्यांच्या प्रयोगाने स्वभावातील भित्रेपणा आणि माणसाळलेपणा पिढ्यान्‌पिढ्या उतरतो हे दाखवून दिले. पूर्वी घरात राहिलेला आणि नंतर टाकून दिलेला कुत्रा माणसावर पुन्हा विश्वास ठेवायला शिकतो. कधीच घरात न राहिलेल्या कुत्र्याला तो विश्वास पहिल्यांदाच शिकायचा असतो. ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसऱ्याला बराच अधिक वेळ लागतो.

असा प्रत्येक कुत्रा घरी आणणे योग्य आहे का?

नाही. गल्लीत स्वतःच्या टोळीसह राहणारा, ठरलेल्या घरांतून खाणे मिळणारा, नसबंदी आणि लसीकरण झालेला प्रौढ कुत्रा माणसापासून चार हात लांब राहत असला, तरी तो दुःखी असतोच असे नाही. त्याला पकडून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोंडणे हे त्याच्या दृष्टीने उपकार नसून संकट असते. दत्तक घेण्याचा विचार करावा तो ज्याला परत जाण्यासारखी जागा उरलेली नाही अशा कुत्र्याचा: अपघातात पाय गमावलेला, पाडकामामुळे आसरा गेलेला, आई मेल्यावर उशिरा सापडलेले पिल्लू, किंवा निवारा केंद्राच्या पिंजऱ्यातच मोठा झालेला.

कुटुंबाची बाजूही तितकीच पाहावी. घरात अगदी लहान मूल असेल, दिवसभर येणे-जाणे असेल, किंवा पहिल्या आठवड्यातच मांडीवर येऊन बसणारा कुत्रा हवा असेल, तर असा कुत्रा आणू नये आणि त्याबद्दल अपराधीही वाटून घेऊ नये. माणसांत रुळलेली कितीतरी देशी पिल्ले घराची वाट पाहत असतात.

घरी आणण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

सर्वांत आधी पळून जाण्याच्या वाटा बंद कराव्यात. घाबरलेला कुत्रा पळतो तेव्हा तो ओळखीच्या हाकेलाही थांबत नाही, आणि नव्या परिसरात सुटलेला बुजरा कुत्रा पुन्हा सापडणे अतिशय कठीण असते. बाल्कनीच्या गजांमधून त्याचे डोके जाते का ते पाहावे, खिडक्यांना जाळी बसवावी, आणि मुख्य दाराच्या आत लहान मुलांसाठी वापरतात तसे फाटक लावावे, म्हणजे कुरिअरवाल्यासाठी दार उघडले तरी एक अडथळा उरतो. अंगात घट्ट बसणारा हार्नेस, म्हणजे छाती-पोटाभोवती बांधायचा पट्टा, आणि मान मागे ओढली असता सुटणार नाही असा गळपट्टा, असे दोन्ही घालून दोघांना वेगवेगळे पट्टे लावावेत. फक्त गळपट्ट्यावर विसंबून राहू नये, कारण भेदरलेला कुत्रा मागे सरकत क्षणार्धात डोके सोडवून घेतो. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला पहिल्याच दिवशी हवा.

त्यानंतर त्याची जागा ठरवावी. ती घरातील वर्दळीपासून दूर, मागे भिंत असलेली आणि वरून झाकलेली असावी. दार उघडे ठेवून चादर टाकलेला पिंजरा, दिवाणाखालची मोकळी जागा किंवा मोठे खोके, यांपैकी काहीही चालते. त्या जागेत असताना त्याला कोणीही हात लावायचा नाही, ओढून काढायचे नाही आणि वाकून पाहायचेही नाही, हा नियम घरातील प्रत्येकाने, पाहुण्यांनी आणि कामाला येणाऱ्या मावशींनीही पाळावा.

पहिल्या काही दिवसांत काय करावे?

शक्य तितके कमी. आंघोळ, नातेवाइकांच्या भेटी, छायाचित्रे, नाव शिकवणे, हे सारे नंतरसाठी ठेवावे. अन्न, पाणी, शौचाची सोय आणि शांतता एवढेच द्यावे. प्राणी सांभाळणाऱ्यांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ आडाखा वापरला जातो: पहिले तीन दिवस धक्क्यातून सावरण्याचे, तीन आठवडे घराचा दिनक्रम कळण्याचे आणि तीन महिने घर आपले वाटू लागण्याचे. सर्वसाधारण दत्तक कुत्र्यासाठी तो उपयोगी असला, तरी माणसाची मुळीच सवय नसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत पहिला टप्पाच कित्येक आठवडे चालू शकतो.

या काळात माणसाने करण्यासारखे एक काम आहे. दिवसातून दोनदा त्याच्या जागेपासून दूर, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसावे आणि हळू आवाजात वर्तमानपत्र वाचावे. डोळ्यांत पाहू नये, हात पुढे करू नये. उठताना खाऊचे दोन तुकडे तिथेच ठेवून निघून जावे. आपण येतो आणि काहीही मागत नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा दिसले पाहिजे.

तो आमच्यासमोर खात नाही. काळजी करावी का?

भीतीमुळे भूक मरते, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस कमी खाणे किंवा फक्त रात्री सगळे झोपल्यावर खाणे हे अपेक्षितच आहे. मात्र प्रौढ कुत्र्याने दोन दिवस काहीच खाल्ले नाही, पाणी पिणे थांबवले, उलट्या-जुलाब झाले किंवा तो मलूल पडला, तर पशुवैद्यांना लगेच कळवावे. पिल्लाच्या बाबतीत एवढा वेळही थांबू नये.

खाण्याची ही वेळच जवळीक वाढवण्याचे सर्वांत चांगले साधन असते. वॉशिंग मशीनच्या मागे दडून राहणाऱ्या एका तपकिरी मादीचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. तिची थाळी सुरुवातीला मशीनच्या अगदी कडेला असे आणि घरातील आजी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला निवडण-टिपण करत बसत. मादी अंग सैल सोडून खाऊ लागली, की थाळी एक फरशी पुढे सरके. ती मान ताणून, मागचे पाय तसेच मशीनआड ठेवून खाऊ लागली, की थाळी पुन्हा एक फरशी मागे जाई. मागचे पाय कुठे आहेत यावर आजींचे सारे लक्ष असे, आणि ते अगदी योग्य होते. पुढे ताणलेले शरीर आणि मागे रोवलेले पाय म्हणजे अन्नाची ओढ आणि माणसाची भीती एकाच वेळी चालू आहेत. तिथे आणखी जवळ जाण्याचा आग्रह धरला, तर अन्नावरचा विश्वासही जातो.

कुत्रा शांत आहे की घाबरलेला, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न फार कमी विचारला जातो, म्हणून तो येथे मुद्दाम घेतला आहे. ‘आमचा कुत्रा फार शांत आहे, कोपऱ्यात पडून असतो, हात लावला तरी काही करत नाही’ असे आनंदाने सांगितले जाते, तेव्हा तो कुत्रा बहुधा भीतीने थिजलेला असतो. निवांत कुत्र्याचे तोंड किंचित उघडे आणि सैल असते, तो कुशीवर लवंडतो, आळस देतो, गाढ झोपतो. थिजलेल्या कुत्र्याचे अंग ताठ असते, तोंड घट्ट मिटलेले असते, डोळे वळतात पण डोके वळत नाही आणि बुबुळाशेजारचा पांढरा भाग दिसत राहतो. खाणे समोर नसताना ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, उकाडा नसताना धापणे, शेपूट पोटाशी घेणे, एक पंजा उचलून धरणे, या सगळ्या ‘मला त्रास होतो आहे’ असे सांगण्याच्या पद्धती आहेत. एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नये. संपूर्ण शरीर आणि प्रसंग मिळून पाहावे.

तो गुरगुरतो. त्याला रागवावे का?

कदापि रागवू नये. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे आणि ती दिल्याबद्दल कुत्र्याचे आभारच मानले पाहिजेत. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा घाबरायचे थांबत नाही, तो फक्त सूचना द्यायचे थांबतो, आणि पुढच्या वेळी थेट चावतो. गुरगुर ऐकताच आपण थांबावे, शांतपणे मागे सरकावे आणि कोणत्या अंतरावर, कोणत्या हालचालीने ती सुरू झाली हे लक्षात ठेवावे.

चावा किंवा दाताचा ओरखडा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, तिखट असले काहीही लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेल्या लसीने मात्र तो टाळता येतो. घरातील सर्वांनी प्रतिबंधक लस आधीच घेण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे उत्तम.

स्पर्श केव्हा आणि कसा सुरू करावा?

पहिला स्पर्श कुत्र्याने करावा. तो आपणहून येऊन पाठ किंवा पाय हुंगू लागतो, तेव्हा हात पुढे करण्याचा मोह अनावर होतो, तो आवरावा. खाऊ हातात धरून त्याला जवळ ओढण्यापेक्षा तो जवळ आला असता खाऊ त्याच्या मागच्या बाजूला टाकावा, म्हणजे त्याला अन्नही मिळते आणि सुटकाही मिळते, आणि तो पुन्हा येतो तो स्वतःच्या इच्छेने. पुढे तो शेजारी सैलपणे बसू लागला, की डोक्यावरून हात न नेता छातीला किंवा खांद्याला बाजूने दोन-तीन सेकंद हलके खाजवावे आणि हात काढून घ्यावा. तो आणखी जवळ सरकला तर पुन्हा खाजवावे. तोंड फिरवले, अंग झटकले किंवा उठून गेला, तर त्याचे उत्तर मिळाले असे समजावे. घरातील प्रत्येकाने, अगदी आठ वर्षांच्या मुलानेही, हे उत्तर मानले पाहिजे.

प्रत्यक्ष शिकवणे कसे सुरू करावे?

‘बस’, ‘ये’, ‘थांब’ हे शब्द शिकवणे सोपे आहे आणि ते कोणत्याही भाषेत शिकवता येतात, फक्त घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. परंतु घाबरलेला मेंदू शिकत नाही, म्हणून आधी भीतीवर काम करावे लागते. त्याचे तत्त्व असे: भीतीची गोष्ट इतक्या दूर किंवा इतक्या सौम्य रूपात समोर आणायची, की कुत्र्याला ती जाणवेल पण तो बिथरणार नाही, आणि तिच्या पाठोपाठ त्याला सर्वांत आवडते खाणे द्यायचे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ती गोष्ट, मग खाणे. उलट केले, तर खाणे दिसताच ‘आता काहीतरी वाईट होणार’ असे तो शिकतो.

कुकरच्या शिट्टीचे उदाहरण घेऊ. मोबाइलवर शिट्टीचा आवाज मुद्रित करून दुसऱ्या खोलीतून अगदी बारीक लावावा. कुत्र्याचे कान हलले, की उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा द्यावा. आवाज बंद, खाणे बंद. हे पाच-सहा वेळा करून थांबावे. काही दिवसांनी आवाज ऐकताच तो कोंबडीच्या अपेक्षेने आपल्याकडे पाहू लागला, की आवाज एक पायरी वाढवावा. तो खाणे घेईनासा झाला, तर आपण घाई केली आहे हे ओळखून मागच्या पायरीवर यावे. दारावरची बेल, केरसुणी, छत्री, अनोळखी पुरुष, या सर्वांसाठी हीच रीत लागू पडते. खाऊ म्हणून कोंबडी, अंडे किंवा थोडे पनीर चालते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि शिजवलेली हाडे मात्र कधीही देऊ नयेत.

तो बाहेर फिरायला निघतच नाही. शी-शू घरातच करतो.

मग त्याला बाहेर ओढू नये. जिना, लिफ्टचा आवाज, पार्किंगमधल्या गाड्या आणि गल्लीतले ओळख नसलेले कुत्रे, हे सारे एकदम पेलणे त्याला शक्य नसते. काही आठवडे बाल्कनीत किंवा न्हाणीघरात वर्तमानपत्र अंथरून सोय करावी आणि घरात झालेली चूक न बोलता पुसावी. फिनाइलने वास गेला असे आपल्याला वाटते, कुत्र्याच्या नाकाला तो येतच राहतो. म्हणून एन्झाइमयुक्त द्रावण वापरावे. हार्नेसची सवय घरातच, खाण्याच्या वेळी करावी. नंतर दार उघडे ठेवून उंबऱ्यावर बसणे, मग मजल्यावरचा मोकळा भाग, मग पहाटे वर्दळ सुरू होण्यापूर्वी खाली दहा मिनिटे, असे क्रमाने जावे.

घरात दुसरा कुत्रा असेल तर मदत होते का?

होते, आणि पुष्कळ होते. माणसाची भीती असलेले बहुतेक रस्त्यावरचे कुत्रे इतर कुत्र्यांशी उत्तम जुळवून घेतात, आणि माणसांत रमलेल्या शांत कुत्र्याला पाहून ते भराभर शिकतात. मात्र केवळ यासाठी आणखी एक बुजरा कुत्रा आणू नये. दोघे एकमेकांची भीती वाढवतात.

दिवाळी, गणपती आणि पाहुणे यांचे काय करावे?

कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक कंपनसंख्येचे आवाज ऐकू येतात. आपली मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ, तर त्याची सुमारे ४५,००० हर्ट्झ. फटाके, ढोल-ताशे आणि वळवाच्या पावसातला गडगडाट यांची तयारी महिनाभर आधी सुरू करावी. त्या दिवसांत फिरणे उजेडी उरकावे, खिडक्या-पडदे बंद करावेत, पंखा किंवा संगीत चालू ठेवावे आणि दार उघडताना दुप्पट काळजी घ्यावी. तो जवळ येऊन बिलगला, तर त्याला खुशाल धीर द्यावा. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. पाहुण्यांना एकच विनंती करावी: त्याच्याकडे पाहू नका, त्याला बोलावू नका.

एक प्रशिक्षक म्हणतात, पंधरा दिवसांत सरळ करून देतो. द्यावे का?

देऊ नये. विजेचा झटका देणारे किंवा गळा आवळणारे पट्टे, जमिनीवर दाबून धरणे, गर्दीत नेऊन सवय लावणे, यांनी कुत्रा गप्प होतो आणि त्या गप्प बसण्यालाच सुधारणा म्हटले जाते. कोणत्या साधनांचा वापर करता आणि कुत्र्याने ऐकले नाही तर काय करता, हे दोन प्रश्न प्रशिक्षकाला आधी विचारावेत आणि आपल्या उपस्थितीतच शिकवण्याचा आग्रह धरावा.

भीती फारच तीव्र असेल, म्हणजे आठवडे उलटूनही तो खात-झोपत नसेल, स्वतःला इजा करत असेल, तर औषधांचा विचार पशुवैद्यांसोबत मोकळेपणाने करावा. फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात आणि ती शिकवण्याच्या जोडीनेच उपयोगी पडतात. माणसांची औषधे मनाने देणे धोक्याचे आहे. आयब्युप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळीही कुत्र्याला विषारी ठरते.

हात लावू देत नसेल तर लसीकरण आणि तपासणी कशी करावी?

शक्य असेल तर निवारा केंद्रातून आणण्यापूर्वीच, नसबंदीसाठी भूल दिलेली असताना, रेबीजची आणि इतर लसी, रक्ततपासणी व गोचिडांवरचे औषध हे सर्व उरकून घ्यावे. आपल्याकडे गोचीडताप फार आढळतो आणि त्यामुळे आलेली मरगळ भीती समजून दुर्लक्षिली जाते. वागणे अचानक बदलले, तर आधी दुखणे आहे का ते तपासावे.

सोसायटीने हरकत घेतली तर?

कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालणारा ठराव सोसायटी करू शकत नाही, तसेच लिफ्ट वापरण्यास मज्जाव करू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट आहे. आपल्या बाजूने महापालिकेचा परवाना, लसीकरणाची नोंद, पट्टा आणि स्वच्छता यांत कसूर ठेवू नये. बुजऱ्या कुत्र्याच्या बाबतीत शेजाऱ्यांना आधीच भेटून ‘तो घाबरतो, कृपया हात लावू नका’ असे सांगणे कायद्याच्या भाषेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

तो कधीतरी इतर कुत्र्यांसारखा होईल का? आणि आम्हाला जमलेच नाही तर?

काही कुत्रे वर्षभरात ओळखू न येण्याइतके बदलतात. काही आयुष्यभर अनोळखी माणसांपासून लांब राहतात, पण घरातल्या दोघा-तिघांवर जीव टाकतात. तपकिरी मादी आजींच्या पायाशी झोपते. इतर कोणी आले, की अजूनही आत निघून जाते आणि तिला जाऊ दिले जाते. अनोळखी माणसाने हात लावलेला चालणे हे यशाचे माप धरू नये. तो नीट खातो, गाढ झोपतो, खेळतो आणि नको असेल तेव्हा बिनधास्त उठून जातो का, हे पाहावे.

प्रामाणिक प्रयत्नांनंतरही जमत नसेल, तर ज्यांच्याकडून कुत्रा आणला त्यांच्याशी वेळेत बोलावे. दत्तक करारात परत घेण्याची अट असावी, हे सुरुवातीलाच पाहून घ्यावे. परस्पर दुसऱ्याला देऊ नये आणि कोणत्याही परिस्थितीत रस्त्यावर सोडू नये. जिथून आणले तिथेही नाही, कारण मधल्या काळात ती जागा दुसऱ्या टोळीची झालेली असते. नवीन घर मिळेपर्यंत त्याची जागा, थाळी आणि वेळापत्रक होते तसेच ठेवावे, आणि त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, कोणत्या अंतरावर तो निर्धास्त असतो, हे सर्व लिहून नव्या कुटुंबाच्या हाती द्यावे.